उशीर होणार असेल तर कोणाला कळवायचं

घरातलं माणूस गेलं की नोकरदाराला किती दिवस रजा द्यायची, हे ठरवायचं काम मी अकरा वर्षं केलं. बाळ झालं की किती, लग्नाला किती, म्हातारी आई आजारी पडली की किती, हेही माझ्याकडेच होतं. पण लोक विचारतात ते पहिल्याबद्दल. संपादकांनी ‘तुमच्या कामाविषयी लिहा’ म्हणून तीन दिवाळ्या विचारलं. दोनदा मी नको म्हणालो. रजेच्या नियमांवर कोण काय वाचणार? या वर्षी हो म्हणालो, कारण जानेवारीत आमच्या विहीणबाई वारल्या आणि माझ्या कामात त्या कुठे बसतात, हे मला एकदा सावकाश लिहून पाहायचं होतं.

आमची कंपनी पाण्याचे पंप बनवते. मुख्य कचेरी स्वीडनमध्ये, कारखाने चार खंडांत आणि सगळ्यांची कागदपत्रं सांभाळणारे आम्ही बंगळुरूला, महादेवपुऱ्यातल्या एका काचेच्या इमारतीत, सहाव्या मजल्यावर. त्याआधी मी एका सरकारी कारखान्याच्या कार्मिक विभागात होतो. तिथे नियम वरून येत आणि मी ते लावत असे. इथे नियम लिहायचे होते. प्रत्येक देशाचा कायदा किमान काय द्यावं ते सांगतो, त्यावर कंपनी आपलं थोडं घालते. पण दिवस मोजण्याआधी एक वाक्य लिहावं लागतं: ‘कुटुंब म्हणजे पुढील व्यक्ती.’ माझी सगळी नोकरी त्या वाक्यात गेली.

दुसरे लोक कादंबऱ्या वाचतात तसे मी देशोदेशींचे रजेचे कायदे वाचत असे. त्यात माणसं दिसत नाहीत, पण त्यांनी काय गृहीत धरलंय ते दिसतं. स्वीडनमध्ये बाळाच्या रजेतले काही दिवस फक्त बापाचे असतात. त्याने घेतले नाहीत तर ते बुडाले, बायकोला देता येत नाहीत. म्हणजे तिथल्या सरकारने बापाला घरी बसवायचं ठरवलेलं आहे. आपल्याकडे खासगी नोकरीत आईला सहा महिने आणि बापाला कायद्याने काहीच नाही. बाळंतपणाला आजी येईल, हे कायद्याने न लिहिता धरलेलं आहे. चीनमध्ये वेगळं राहणाऱ्या मुलांनी म्हाताऱ्या आईबापांना भेटायला जात राहावं, असं कायद्यातच लिहिलंय. ज्या अर्थी लिहिलंय त्या अर्थी जात नसावेत. जपानच्या कचेऱ्यांत नात्याच्या पायऱ्या असतात, जितकं जवळचं नातं तितके जास्त दिवस, आजी आणि काका वेगवेगळ्या पायरीवर. आखातातल्या एका देशात विधवेला चार महिने दहा दिवस पगारी रजा आहे, कारण तिच्या धर्मात शोकाचा काळ तेवढा. विधुराला मोजके दिवस. तो लवकर सावरतो, असं धरलेलं असावं. मी विधुर आहे. त्यावर मत देणार नाही.

बायको गेल्यावर राजाजीनगरचं घर सोडून मी लेकीकडे, अनुजाकडे राहायला आलो. तिचं घर माझ्या कचेरीपासून दोन सिग्नलांवर. तिथे तिच्या सासूबाई, मालतीअक्का, आधीपासून होत्या. लेकीच्या घरी बाप कायमचा राहायला येणं आमच्या निपाणीकडे अजून कोणाला रुचत नाही, आणि त्यात घरात विहीण. पहिल्या दिवशी मी संकोचून हॉलमध्ये बसलो होतो. अक्का पाण्याचा तांब्या घेऊन आल्या.

“घ्या अण्णा. लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणी पीत नाही म्हणतात. तुम्हाला नात झालीय. पाणी चालतं.”

“आणि चहा?”

“चहाला शास्त्र नाही. स्वल्प थांबा, टाकते.”

अक्कांचा जन्म बसवनगुडीतला. तीन पिढ्यांपूर्वी आलेलं घराणं, घरात मराठी, दारात कन्नड. सासरही त्याच गल्लीत: चार भाऊ, चार जावा, एक स्वयंपाकघर. शाळा मॅट्रिकपर्यंत. पण माझं काम नक्की काय आहे, ते पूर्ण ऐकून घेणारी घरातली ती एकच व्यक्ती होती. संध्याकाळी आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसून काहीतरी निवडत असू. हिवाळ्यात अवरेकाळू. बंगळुरूत हे वालाचे दाणे रात्रभर भिजवतात आणि एकेक दाणा चिमटीत दाबून सालातून उडवतात. तासाभराचं काम. मी त्यांना देश सांगायचो आणि त्या निकाल द्यायच्या.

“स्वीडन बरा आहे,” त्या म्हणायच्या. “पण बापाला एकट्याला घरी बसवून त्याला येतं काय?”

आता सरोजाची गोष्ट. सरोजा आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर होती, हाताखाली वीसेक माणसं. हासनकडची. एके दिवशी तिचा शोकरजेचा अर्ज आला. नात्याच्या रकान्यात ‘को-सिस्टर’. आपल्याकडच्या इंग्रजीत जावेला असं म्हणतात, बाहेर तो शब्द कोणाला माहीत नाही. स्वीडनहून इंग्रिडने, म्हणजे माझ्या वरिष्ठ बाईने, विचारलं की ही मृत व्यक्ती कुठल्या कॉन्व्हेंटमधली होती. मी तिला आकृती काढून समजावलं: नवऱ्याच्या मोठ्या भावाची बायको.

“म्हणजे रक्ताची नाही, लग्नाचीही नाही,” इंग्रिड म्हणाली.

“दोन लग्नांची आहे,” मी म्हणालो.

पण यादी माझीच होती. जोडीदार, मुलं, आईवडील, भाऊबहिणी, सासूसासरे. जाऊ नव्हती. खाली पूर्वी ‘इतर’ असा रकाना होता, तोही मीच काढून टाकला होता, कारण आमचे लोक त्यात गावातले निम्मे लोक बसवत. अर्ज नामंजूर झाला. सरोजा वर आली. ती रागावलेली नव्हती. माझ्यासमोर बसून कन्नडमध्ये म्हणाली:

“सर, माझ्या बाळंतपणाला सख्खी बहीण आठ दिवस आली आणि गेली. ती यादीत आहे. त्यानंतर सहा वर्षं माझा मुलगा ज्या बाईने सांभाळला, ती नाही. तुमच्या कंपनीत मी कामाला येते ती कोणाच्या जिवावर, असं वाटतं तुम्हाला?”

मी नियम दाखवला. तिला तो पाठ होता. तिने दोन किरकोळ रजा घेतल्या आणि तिसऱ्या दिवशी त्या घरातूनच लॅपटॉप उघडून मीटिंगला बसली. पाठीमागे भिंतीवर हार घातलेला फोटो दिसत होता, हे नंतर कोणीतरी सांगितलं. दोन महिन्यांनी तिने दुसरी नोकरी धरली. निरोपाच्या दिवशी मला नमस्कार करून गेली. तो नमस्कार माझ्या लक्षात राहिला.

त्या संध्याकाळी मी हे टेबलावर सांगितलं. अक्कांचा हात थांबला.

“ही यादी कोणा पुरुषाने केलीय.”

“मीच केलीय, अक्का.”

“मग मी काय म्हटलं?” आणि थोड्या वेळाने: “माझी थोरली जाऊ गेली तेव्हा मी तीन दिवस चुलीपाशी उभीच राहिले. मीठ कुठल्या डब्यात आहे ते मला ठाऊक नव्हतं. मीठ तीच घालायची. आई गेली तेव्हा रडले, पण माझ्या घरातली वस्तू एकही हलली नाही.”

“नियमाला पुरावा लागतो. मीठ कोण घालत होतं याचं सर्टिफिकेट कोण देणार?”

“ते तुम्ही बघा, शिकलेले आहात. रिटायर व्हायच्या आत जाऊ यादीत आली पाहिजे. बोला, हो की नाही?”

मी हो म्हणालो. निवृत्तीला तेव्हा अडीच वर्षं होती.

यादीत एक शब्द वाढवणं सोपं असेल, असं वाचकांना वाटेल. मी ‘जाऊ’ म्हटल्याबरोबर ब्राझीलच्या कचेरीतली पाउला म्हणाली, मग आमच्याकडे धर्ममाता हवी. बाप्तिस्म्याला जिने हातात घेतलं ती बाई आमच्याकडे आईच्या खालोखाल. जपानचे गृहस्थ म्हणाले, हरकत नाही, फक्त पायरी कळवा. जर्मनीने विचारलं, लग्न न करता वीस वर्षं एकत्र राहणाऱ्याच्या आईचं काय? यादी कुटुंबासारखी वाढत चालली. शेवटी पाउलानेच वाट काढली. ब्राझीलच्या कायद्यात म्हणे, कामगाराने आपल्यावर अवलंबून असलेल्या माणसाचं नाव कामाच्या नोंदवहीत आधी लिहून ठेवलेलं असलं, तर त्या माणसासाठीही शोकरजा मिळते. नातं सिद्ध करायला नको. तसंच आपण करू. प्रत्येक कर्मचाऱ्याने यादीबाहेरची एक व्यक्ती आधी नोंदवायची. कोण, का, काही विचारायचं नाही.

कलम मंजूर झालं. ते मी माझ्या हाताने लिहिलं आणि मला त्याचा अभिमान वाटला. प्रश्न असा होता: ‘वरील यादीत नसलेल्या कोणत्या एका व्यक्तीच्या मृत्यूनंतर आपण शोकरजा घेऊ इच्छिता? नाव लिहा.’

स्वीडनच्या लोकांनी जुने मित्र लिहिले. ब्राझीलमध्ये धर्ममाता आल्या. जर्मनीत एकाने कुत्र्याचं नाव लिहिलं आणि त्यावर दोन बैठका झाल्या. भारताचा रकाना रिकामा राहिला.

मी एक स्मरणपत्र पाठवलं, मग दुसरं. मग मजल्यामजल्यावर जाऊन विचारलं. पुण्याचा एक मुलगा खुर्चीत मागे सरकला. “सर, बायको म्हणाली, असलं काही ऑनलाइन भरायचं नाही. काकू चांगल्या ठणठणीत आहेत.” शेजारचा कन्नड इंजिनिअर दोन्ही हात हलवत म्हणाला, “बेडा सर, बेडा.” नको म्हणजे नको. लिहिणारा मी, आयुष्य कागदांवर काढलेला, आणि आपल्या माणसांना मी जिवंत माणसाचं नाव मरणाच्या रकान्यात लिहायला सांगत होतो. आमच्या घरी जाताना ‘जातो’ म्हटलेलं चालत नाही, ‘येतो’ म्हणावं लागतं. हे मला मसुदा लिहिताना एकदाही आठवलं नाही. मी तो स्वीडनसाठी लिहावा तसा लिहिला होता.

एक नाव मात्र आलं होतं. कोणीतरी थट्टेने आपल्या घरमालकाचं लिहिलं होतं. इंग्रिडला ते हृद्य वाटलं. “भारतात भाडेकरूंचा घरमालकांवर इतका जीव असतो?” तिने विचारलं. बंगळुरूचे घरमालक तिला समजावण्याइतका वेळ बैठकीत नव्हता.

माझाही रकाना रिकामा होता, हे सांगायला हवं. विहीण माझ्या यादीत बसत नव्हती. जगातल्या कुठल्याच यादीत ती मला सापडली नाही; बहुतेक भाषांत या नात्याला शब्दही नाही. मी एका दुपारी पडद्यावर ‘मालती’ एवढं लिहिलं आणि पुसलं. संध्याकाळी त्यांना सांगितलं.

“लिहा की,” त्या हसून म्हणाल्या. “नाव लिहिल्याने माणूस मरत असता तर रेशनकार्डावरचे आम्ही सगळे कधीच गेलो असतो.”

“हात धजत नाही.”

“मग सरोजाला काय सांगणार? नियम केला, पण मलाच भीती वाटली?”

“पुढच्या महिन्यात लिहितो.”

“सरी,” त्या म्हणाल्या, कन्नडमधलं ‘बरं’, आणि दाणे पुढे सारले.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी देवासमोर दिवा लावताना अक्का खाली बसल्या आणि उठल्या नाहीत. डॉक्टर येईपर्यंत सगळं झालं होतं. अनुजाला आणि जावयाला कंपन्यांनी रजा दिली. आई आणि सासू दोन्ही यादीत असतात. घरात दहा दिवसांचं सुतक आलं. भटजींना मी विचारलं, मला किती?

“तुम्हाला काही नाही,” ते म्हणाले. “तुमचं कूळ वेगळं. उलट बरंच झालं. घरातली देवपूजा तुम्ही करू शकता.”

तेव्हा ते दहा दिवस, ज्या दिव्यापाशी त्या बसल्या होत्या तो दिवा मी लावला. घरात शोक नसलेला मी एकटाच होतो, शास्त्राप्रमाणे. तिसऱ्या दिवशी ओट्याखाली झाकलेलं पातेलं सापडलं. जाण्याच्या आदल्या रात्री त्यांनी भिजवलेले अवरेकाळू. पाणी फेसाळलं होतं. मी ते टाकून पातेलं घासून ठेवलं. चौथ्या दिवशी कामावर गेलो. एक किरकोळ रजा शनिवार-रविवारला जोडून घेतली होती. जास्त मागायला माझ्याकडे नियम नव्हता.

फेब्रुवारीत कलमाचा वर्षाचा आढावा झाला. निवृत्तीला माझे चार महिने उरले होते. इंग्रिड म्हणाली, “भारताला हे कलम लागत नाही असं दिसतं. तुमच्याकडे कुटुंब मोठं असतं, यादीतच सगळे येत असतील. काढून टाकू या?”

मी हो म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. मी म्हणालो, “माझाही रकाना रिकामा आहे. गेल्या महिन्यात मला ती रजा हवी होती.”

 तिने विचारलं, “मग भरलं का नाहीस?”

मी सांगितलं. जिवंत माणसाच्या नावापुढे आम्ही मृत्यू लिहीत नाही. लिहिल्याने काही होत नाही, हे आम्हाला कळतं. तरी लिहीत नाही.

मला वाटलं ती हसेल. ती म्हणाली, “माझी आजी टेबलावर किल्ल्या ठेवू देत नसे. अपशकुन म्हणून. मी आजही ठेवत नाही.” आणि मग, कचेरीच्या आवाजात: “पण नाव तर हवं. दुसरं काय विचारता येईल?”

मी पंधरा दिवस मागून घेतले. बरेच मसुदे केले. ‘आपल्याला जवळची वाटणारी व्यक्ती’ लिहिलं तर लोक बायकोचं नाव लिहितील, नाहीतर भांडणं होतील. ‘आपत्कालीन संपर्क’ म्हटलं की पुन्हा मरणाची सावली. तेराव्या दिवशी संध्याकाळी ब्राझीलची बैठक लांबली. मी सवयीने फोन उचलला, ‘उशीर होईल, कुकर थांबवा’ एवढं सांगायला. पाच वर्षं रोज हेच चार शब्द सांगत होतो, आणि पलीकडून ‘सरी’ एवढंच उत्तर यायचं. बोट अक्कांच्या नावावर जाऊन थांबलं. फोन ठेवला आणि प्रश्न लिहिला:

‘घरी यायला उशीर होणार असेल तर तुम्ही कोणाला कळवता? एक नाव आणि फोन नंबर लिहा.’

खाली बारीक अक्षरांत, कायद्यासाठी: ही व्यक्ती या नियमांपुरती कुटुंबातली धरली जाईल.

इंग्रिडने एक शंका काढली: लोक खरं लिहितील कशावरून? मी म्हणालो, उशीर झाल्यावर ज्याला कळवावं लागतं, त्याच्याबद्दल कोणी खोटं लिहीत नाही. हे सिद्ध करता येणार नाही. पण तिने मान्य केलं, आणि पाउलाने तो प्रश्न ब्राझीलसाठीही मागून घेतला.

भारताचे रकाने दोन आठवड्यांत भरत गेले. जावा आल्या. वहिनी, आत्या, समोरच्या फ्लॅटमधल्या आज्जी आल्या. पुण्याच्या मुलाने काकूंचं नाव लिहिलं. दोघीतिघींनी मूल सांभाळणाऱ्या बाईचं लिहिलं. ज्याने घरमालकाचं लिहिलं होतं त्याने पुन्हा घरमालकाचंच लिहिलं. मी विचारलं तेव्हा म्हणाला, “सर, दहानंतर तो गेट लावतो. मला कळवावंच लागतं.” तेव्हा माझ्या प्रश्नालाही एक भोक आहेच. पुढच्यांनी ते बुजवावं.

सरोजाला मी नव्या नियमाची प्रत पाठवली. उत्तर दोन शब्दांचं आलं: “सरी सर.”

फॉर्म सगळ्यांसाठी उघडण्याआधी त्याची चाचणी झाली होती. पहिली नोंद मसुदा लिहिणाऱ्याने करायची, अशी आमच्याकडे पद्धत आहे. मी नाव लिहिलं. या वेळी पुसलं नाही. नंबरही लिहिला, तो मला पाठ आहे. प्रश्नात ती व्यक्ती हयात आहे का, असं कुठेच विचारलेलं नव्हतं, म्हणून संगणकाने ते घेतलं.

नंबर खरे आहेत का, हे पाहायचं काम मंजुनाथकडे होतं. दुपारी त्याचा फोन आला.

“सर, तुमची एंट्री. मालती अम्मा. चार वेळा लावला. स्विच्ड ऑफ येतोय.”

“हो.”

“दुसरा नंबर देता, सर? की चुकीची म्हणून काढून टाकू?”

“नंबर बरोबर आहे,” मी म्हणालो. “राहू दे.”